क्रेडिट कुणाचे तास मोजतं?

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत लागू झाल्यापासून 'सत्राला २२ क्रेडिट' या आकड्यावरून वाद पेटला आहे, आणि तो दोन्हीकडून चुकीच्या मुद्द्यावर लढवला जातोय. एक बाजू म्हणते, एकेका सत्रात दहा-दहा विषय कोंबलेत, मूळ विषयाचं वाटोळं झालंय, क्रेडिट कमी करा. दुसरी बाजू म्हणते, २२ क्रेडिट म्हणजे आठवड्याला २२ तास. दिवसाला चार तासही बसवत नसेल तर पदवी हवी कशाला? ऐकताना दोन्ही पटतं. पण क्रेडिट म्हणजे तासिका, हे दोघांनीही गृहीत धरलंय. क्रेडिट हे विद्यार्थ्याच्या वेळेचं माप आहे. त्यात वर्गातला वेळ येतो तसा वर्गाबाहेरचाही येतो. आपल्याकडे हा बाहेरचा हिस्सा वेळापत्रकात नाही, अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत नाही, तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासागणिक पैसे मिळणाऱ्या प्राध्यापकाच्या मानधनात नाही आणि बहुतेक महाविद्यालयांच्या इमारतीतही नाही. तो जमेस धरल्याशिवाय २२ चे १८ केले काय किंवा २४ केले काय, विद्यार्थ्याच्या पदरात काही पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब करू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा क्रेडिट आराखडा जाहीर केला. त्यानुसार थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास शिकवणं आणि प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात सत्राला २० ते २२ क्रेडिट ठरवले. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी २२ हाच आकडा रूढ झाला, म्हणजे तीन वर्षांत १३२ आणि चार वर्षांत १७६. स्वायत्त महाविद्यालयांत हे २०२३-२४ पासून आलं, संलग्नित महाविद्यालयांत त्याच्या पुढच्या वर्षी. त्याच एप्रिलमध्ये केंद्राचा राष्ट्रीय क्रेडिट आराखडाही आला. त्यात एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे एकूण ३० तास आणि पूर्ण वर्ष म्हणजे १२०० तास, ४० क्रेडिट. हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचले की चित्र स्वच्छ होतं. थिअरीच्या प्रत्येक क्रेडिटमागे १५ तास वर्गात आणि १५ तास स्वतःच्या अभ्यासाचे. प्रात्यक्षिकाचे तीसही तास प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रात. समजा सत्र १५ आठवड्यांचं आहे आणि २२ पैकी १६ क्रेडिट थिअरीचे, सहा प्रात्यक्षिकाचे आहेत. मग आठवड्याला १६ तास तासिका, १२ तास प्रात्यक्षिक आणि १६ तास घरचा अभ्यास, एकूण ४४ तास. नोकरदार माणसाचा पूर्ण आठवडा.

'दिवसाला चार तासही नाहीत' म्हणणाऱ्यांनी हा ४४ चा आकडा समोर ठेवून बोलावं. आणि 'जगभर असंच असतं' म्हणणाऱ्यांनी जग नीट बघावं. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, सत्राला १५. तिथल्या केंद्रीय शिक्षण विभागाने २०१० मध्ये केलेल्या व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर अभ्यास अपेक्षित आहे. म्हणजे १५ क्रेडिटचे आठवड्याला ४५ तास होतात. त्याच मापाने आपले २२ क्रेडिट मोजले तर ६६ तास भरतील. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात, पण तिथे मोजणीच विद्यार्थ्यापासून सुरू होते: वर्षाचे १५०० ते १८०० तास, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास, त्यात व्याख्यानंही आली आणि ग्रंथालयात घालवलेली संध्याकाळही आली. आपण अमेरिकेकडून वर्गातल्या तासाचं एकक घेतलं, युरोपीय धर्तीवर एकूण ३० तासांची व्याख्या केली आणि २२ हा आकडा स्वतःचा ठेवला. हे तिन्ही एकमेकांशी जुळवायचं काम कुणीच अंगावर घेतलं नाही.

हे एकक जन्मलं कुठून, हेही बघायला हवं. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये एक कोटी डॉलर दिले ते प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून. पेन्शन कुठल्या महाविद्यालयाला लागू करायची? जे खरोखर महाविद्यालय आहे त्याला. मग खरं महाविद्यालय कसं ओळखायचं? तर प्रवेश देताना जे शालेय शिक्षणाची ठराविक युनिटं मागतं ते. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात १२० तास. पेन्शनच्या लोभाने महाविद्यालयांनी हे माप झटपट स्वीकारलं. पुढे १९१० मध्ये मॉरिस कुक या अभियंत्याने याच देणगीतून उभ्या राहिलेल्या कार्नेगी प्रतिष्ठानसाठी विद्यापीठांच्या कार्यक्षमतेचा अहवाल लिहिला आणि 'विद्यार्थी-तास' हे एकक मांडलं. कुक हे फ्रेडरिक टेलर यांच्या पंथातले, कारखान्यातल्या कामगाराचा वेळ घड्याळ लावून मोजणारे. तेव्हा क्रेडिट ही मुळात हिशेबनिसाची सोय होती, शिक्षणाचा विचार त्यात नंतर शिरला, असा जो आक्षेप घेतला जातो तो मला पूर्ण मान्य आहे. पण त्या इतिहासातली एक गोष्ट आपण विसरलो. हे माप आलं ते शिक्षकाच्या म्हातारपणाची तरतूद सोबत घेऊन. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि आज क्रेडिटचा बराचसा डोलारा ज्यांच्या खांद्यावर उभा आहे त्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना पुढच्या जूनची खात्री नसते. माप आणलं, पण ते ज्या करारातून आलं तो करार तिकडेच राहिला.

या प्राध्यापकांच्या महिन्याच्या बिलाचा फॉर्म कधी बघितलात का? दिनांक, वर्ग, विषय, वेळ, शिकवलेला घटक, सही. खाली एकूण तास गुणिले दर. विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही. ज्या दिवशी विद्यापीठाची परीक्षा म्हणून वर्ग झाले नाहीत, ती ओळ कोरी. साठ मुलांचे प्रकल्प वाचले, त्याला रकाना नाही. एखादी मुलगी तास संपल्यावर आपला निबंध घेऊन आली आणि पाऊण तास तिच्याशी बसून परिच्छेद नीट केले, त्यालाही रकाना नाही. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा आठवडा ४० तासांचा धरलाय आणि त्यातले १६ तासच प्रत्यक्ष शिकवण्याचे. उरलेले २४ तास तयारी, तपासणी, मार्गदर्शन, संशोधन यांचे. म्हणजे शिकवणं वर्गाबाहेरही चालतं हे सरकारला ठाऊक आहे, मान्यही आहे. फक्त तासिका तत्त्वावरच्या माणसाचा हिशेब करताना ते आठवत नाही. मग ज्या क्रेडिटची अर्धी बाजू वर्गाबाहेर घडायची आहे, ती घडवायची कुणी? ज्याला त्या अर्ध्या बाजूचा एक पैसा मिळत नाही, त्याने?

इथे प्राध्यापक संघटनांची बाजू रास्तपणे मांडली पाहिजे. स्टाफरूममध्ये क्रेडिटची चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत ती 'वर्कलोड'वर येते. इतिहासाचे क्रेडिट घटले की इतिहासाचे तास घटतात, तास घटले की पद जातं. ही भीती खोटी नाही. अनुदानित पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवल्याचा अनुभव तिच्यामागे आहे. पण त्यामुळे झालंय असं की अभ्यासमंडळात प्रत्येक जण आपल्या विषयाचे क्रेडिट वाचवायला बसतो आणि तक्ता शेवटी सगळ्यांच्या तडजोडीतून तयार होतो. विद्यार्थ्याच्या आठवड्यात किती तास असतात, हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही.

तडजोडीचा हा तक्ता कसा दिसतो? पहिल्या सत्राची अनेक ठिकाणची मांडणी साधारण अशी: मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे सहा क्रेडिट, तेही चार आणि दोन असे फोडलेले. ओपन इलेक्टिव्हचे, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयांचे दोन अधिक दोन. मग व्यवसाय कौशल्य दोन, कौशल्यविकास दोन, भाषा दोन, मूल्यशिक्षण दोन, भारतीय ज्ञानप्रणाली दोन, सहशालेय उपक्रम दोन. बेरीज २२, शीर्षकं दहा. प्रत्येकाची एक अंतर्गत आणि एक अंतिम परीक्षा धरली तरी १५ आठवड्यांत वीसच्या आसपास मूल्यमापनं होतात. ओझ्याची तक्रार इथे शंभर टक्के खरी आहे, पण तिचं निदान चुकतंय. ओझं २२ या आकड्याचं कमी आणि त्याच्या चिंधड्यांचं जास्त आहे. प्रत्येक विषयाचा स्वतःचा असा एक ठरलेला खर्च असतो: नवा शिक्षक, नवी परिभाषा, नवीन प्रश्नपत्रिकेचा साचा, नवी फाईल, नवं सबमिशन. तो खर्च चार क्रेडिटच्या विषयालाही तितकाच आणि दोन क्रेडिटच्या विषयालाही तितकाच. पाच विषयांचे २० क्रेडिट जो मुलगा झेपवतो, तोच दहा विषयांच्या २२ क्रेडिटमध्ये गुदमरतो. शिवाय दोन क्रेडिट म्हणजे ३० तासिका. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, गणपती-दिवाळी आली, निवडणुकीच्या कामाला प्राध्यापक गेले आणि १५ आठवड्यांचे दहा झाले, तर तिसातल्या २० तासिका उरतात. वीस तासिकांत भारतीय ज्ञानपरंपरेचं काय पोहोचवणार? नावं आणि व्याख्या, एवढंच. ज्यांना या विषयाबद्दल खरोखर आस्था आहे त्यांनी तर सर्वांत आधी या दोन क्रेडिटच्या तुकड्याविरुद्ध बोलायला हवं.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. तास मोजून शिक्षण कळतं का? एखाद्याला जे दहा तासांत येतं ते दुसऱ्याला ४० तासांत येतं. मग तास सोडून द्या, काय येतं ते तपासा. अमेरिकेत अशा क्षमताधारित पदव्या देणाऱ्या संस्था आहेत, आणि खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानने आपल्या युनिटला पर्याय आहे का याचा अभ्यास हाती घेतला. २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला तो असा की माप सदोष आहे, पण त्याच्या जागी ठेवण्याजोगं दुसरं अजून तयार नाही. मला त्याहून पुढचं म्हणायचं आहे. तास सोडून दिले की तोटा कुणाचा होतो? ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, वेगळी खोली आहे, विचारायला शिकलेली आई आहे, त्याचं काही जात नाही. त्याचे तास घरात आपोआप भरतात. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याला महाविद्यालयाकडून हक्काने मागता येते ती एकच गोष्ट: वेळ आणि त्या वेळेसाठी जागा. 'मला ३० तास द्यायचे होते, तुम्ही २० दिले' एवढं तो दाखवून देऊ शकतो. 'मला क्षमता द्यायची होती, ती दिली नाही' हे तो कुठे आणि कसं सिद्ध करणार?

आपल्याकडे तर तास न मोजण्याचा प्रयोग दीर्घकाळ झालेला आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं ते त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर: शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. टर्म भरली, फॉर्म भरला, पेपर दिला. शिकण्याचं मोजमाप वर्षाखेरच्या तीन तासांत. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि खासगी क्लास यांची जी संस्कृती आपण नावं ठेवत जोपासली, ती याच रचनेतून वाढली. कलकत्ता विद्यापीठ आयोगाने १९१९ मध्ये आणि राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये व्याख्यानांवरचा भार हलका करून ट्यूटोरियलकडे, म्हणजे छोट्या गटातल्या मार्गदर्शनाकडे वळा असं सांगितलं. राधाकृष्णन आयोगाने परीक्षेचे दिवस वगळून वर्षाला १८० कामाचे दिवस मागितले. त्यातले १८० दिवस कागदावर टिकले आणि ट्यूटोरियल कधीच रुजलं नाही, कारण दिवस मस्टरवर दाखवता येतात, ट्यूटोरियलला माणसं लागतात.

याच संदर्भात १८८२ साल आठवतं. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाबद्दल काय म्हटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उच्च शिक्षणाबद्दलची त्यांची एक मागणी मात्र क्वचितच उद्धृत होते. प्रवेश परीक्षेला खासगी विद्यार्थ्यांना बसू देतात तसं बी.ए., एम.ए.लाही बसू द्यावं, खासगी अभ्यासाला विद्यापीठाने मान्यता द्यावी, कारण अनेकांना नाना कारणांनी महाविद्यालयात जाणं अशक्य असतं, अशी ती मागणी होती. वर्गाच्या चार भिंतींबाहेर केलेला अभ्यास हाही अभ्यासच आहे आणि तो पदवीच्या हिशेबात धरला पाहिजे, हे आपल्याकडे १४० वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने सांगून झालं होतं. कुणी म्हणेल, मग फुले तर तासांच्या विरोधातच होते. माझं वाचन उलट आहे. महाविद्यालयात येऊ न शकणाऱ्याचे तास दिसत नाहीत म्हणून ते शून्य धरले जातात, यावर त्यांचं बोट होतं. तेच बोट आजही तिथेच ठेवावं लागेल.

तो हिशेब धरता येतो याचा पुरावाही देशात आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने एका क्रेडिटची व्याख्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास अशी केली. पुस्तिका वाचणं, स्वाध्याय लिहिणं, अभ्यासकेंद्रावरच्या समुपदेशनाला जाणं, सगळं त्यात. तिथल्या जुन्या पदवीचे ९६ क्रेडिट असत, म्हणजे २८८० तास. ज्या दूरशिक्षणाला आपण दुय्यम समजतो त्याने विद्यार्थ्याचे श्रम मोजले आणि ज्या नियमित महाविद्यालयांना आपण खरं शिक्षण म्हणतो ती शिक्षकाच्या तासिका मोजत राहिली. दुसरं उदाहरण तर घरचंच. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत क्रेडिटला कुणी नवखं म्हणत नाही. तिथे विषयापुढे २+१ असं लिहिलेलं असतं: दोन थिअरीचे, एक प्रात्यक्षिकाचा. चौथ्या वर्षी 'रावे' म्हणून विद्यार्थी गावात जाऊन राहतात, शेतकऱ्यासोबत बांधावर असतात, पीकवार नोंदी ठेवतात, आणि सत्रातले क्रेडिट या कामाला असतात. तिथे एक क्रेडिट म्हणजे किती काम हे मुलांना सांगावं लागत नाही, कारण वसतिगृह आहे, प्रक्षेत्र आहे, कामाची जागा आहे. दोष क्रेडिटच्या कल्पनेत असता तर तो तिथेही दिसला असता.

'पूर्वीच्या मुलांनी याच्या दुप्पट केलं' असं म्हणणाऱ्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे बाबासाहेब. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. हे खरंच आहे, आणि ती बुद्धी व ती जिद्द कुणाच्या तुलनेला बसणारी नव्हे. पण सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती म्हणून त्या वर्षांत त्यांना पोटासाठी राबावं लागलं नाही, हेही तितकंच खरं आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं, हे उदाहरण देणारे सांगत नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' चालवलं ते वसतिगृहाच्या आधाराने. काम आणि अभ्यास यांचे तास एकाच छताखाली आखलेले होते. विद्यार्थ्याला वेळ आपोआप मिळत नाही, तो कुणीतरी उभा करावा लागतो, याची जाण सयाजीरावांनाही होती आणि कर्मवीरांनाही.

आज तालुक्याच्या गावातली परिस्थिती काय आहे? महाविद्यालय सकाळी साडेसातला भरतं, साडेबाराला सुटतं. एकची एसटी चुकली की पुढची चारला. पास असतो, पण गाडी नसते. ग्रंथालय पाचला बंद. मुलगी घरी पोहोचते ती दोनला, त्यानंतर गोठा, धाकट्यांचा अभ्यास, रात्रीचा स्वयंपाक. मुलगा दुपारी मोबाईलच्या दुकानात किंवा पंपावर कामाला. त्यांच्या आठवड्यातून अभ्यासाचे ते १६ तास काढून दाखवा. पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचं भाडं भरून अभ्यासिकेत एक खुर्ची घेतात: समोर प्लायवूडचा आडोसा, डोक्यावर एक ट्यूबलाइट, मोबाईल लावायला एक पॉइंट. वर्गाबाहेरच्या तासाला बाजारात भाडं पडतं. आपलं क्रेडिट मात्र तो तास फुकट आणि आपोआप घडतो असं धरून चालतं.

मधेच शिक्षण सोडण्याची आणि परत येण्याची सोय, हा या आराखड्याचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्याला मी मनापासून पाठिंबा देतो. पूर्वी एस.वाय. झाल्यावर लग्न ठरलं, घरचा माणूस गेला, शिक्षण सुटलं, की हातात गुणपत्रिकांपलीकडे काही उरत नसे. आता पहिल्या वर्षाचे क्रेडिट आणि जोडीला कौशल्याचे चार क्रेडिट असले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. आणि २०२१ पासूनच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये ते सात वर्षं जपून ठेवता येतात. ही लहान गोष्ट नव्हे. पण म्हणूनच क्रेडिट सच्चं असलं पाहिजे. एका महाविद्यालयात ३० तासिकांचे आणि दुसऱ्यात २० तासिकांचे दोन क्रेडिट खात्यावर सारखेच दिसतात. पाच वर्षांनी परत आलेल्या मुलीचे क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठाने निःशंकपणे मान्य करावेत, असं कशाच्या आधारावर म्हणायचं? ज्या क्रेडिटवर भरवसा नाही त्याला कागदोपत्री सात वर्षं मुदत असली तरी त्याचा उपयोग काय?

आणि सोडून जाण्याचं दार उघडलं तसं सावकाश चालण्याचं दार का उघडत नाही? सत्राला १२ ते १५ क्रेडिट घेऊन तीन वर्षांची पदवी साडेचार ते साडेपाच वर्षांत करू द्या. कमावत्या मुलाला, लग्न झालेल्या मुलीला हेच हवंय. सोडून जाणं त्यांनी मागितलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कालावधी कमी-जास्त करण्याच्या कार्यपद्धतीला मान्यता दिली, त्यात वाढीव मुदतीची तरतूद आहे, पण ती जास्तीत जास्त दोन सत्रांची. ती वाढवावी लागेल, आणि तेवढ्याने भागणार नाही. शुल्क वर्षावर न आकारता क्रेडिटवर आकारावं लागेल, आणि कमी क्रेडिट घेतले म्हणून शिष्यवृत्ती अडणार नाही अशी दुरुस्ती समाजकल्याणच्या नियमांत करावी लागेल. याला वेळ आणि पैसा लागेल हे उघड आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना प्रत्येक चार तासिकांमागे तपासणी-मार्गदर्शनाचा निदान एक तास मान्य करायलाही पैसा लागेल. ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवायला एक माणूस लागेल. सरकारकडे पैसा नाही हे उत्तर ठरलेलंच आहे; मग क्रेडिट २२ का ठेवले, हा प्रश्नही ठरलेला असावा. १५ तास शिकवायचे पैसे आहेत आणि उरलेल्या १५ चे नाहीत, तर अभ्यासक्रमही तेवढाच ठेवा.

काही गोष्टींना मात्र पैसा लागत नाही. प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमात आज घटकापुढे 'तासिका: ८' असं लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: वर्गाबाहेरचे तास आणि त्यात नेमकं काय करायचं. कुठली ४० पानं वाचायची, किती शब्दांचं लिहायचं, कुठे जाऊन बघायचं. दोन क्रेडिटच्या विषयाची बेरीज ६० वर थांबली पाहिजे. ती ९० झाली तर घटक कापा, २५ झाली तर क्रेडिट कापा. सत्राच्या सगळ्या विषयांचे हे रकाने एका पानावर मांडले की मुलाचा आठवडा किती तासांचा होतो ते पालकांनाही कळेल, आणि दहा शीर्षकांची पाच-सहा का करायला हवीत हे सांगायला वेगळ्या चर्चासत्राची गरज उरणार नाही. याला शासन निर्णय लागत नाही. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत एका सदस्याने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि विद्वत् परिषदेकडे पाठवायचा. येत्या जूनच्या माहितीपुस्तिकेत ते पान छापता येईल.